लहान मुलांचं हृदय आणि संख्याशास्त्र : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बालहृदयरोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या किंवा तिकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्यांचा रोख एकच आहे: बायोस्टॅटिस्टिक्स (वैद्यकीय माहितीचं संख्याशास्त्र) शिकून या कामात नेमका काय फरक पडतो? सुरुवात मात्र एका आईच्या प्रश्नाने केली आहे. तो वरवर वैद्यकीय वाटतो, पण आहे संख्याशास्त्राचा.

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलाला कावासाकी आजार (रक्तवाहिन्यांचा दाह) झाला. पहिल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) एलएडी या कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) वाहिनीचा झेड-स्कोअर २.३ होता. दहा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी केलेल्या इकोत २.८ आला. वाहिनी आणखी फुगली का? (ठाणे)

फुगली असेलही, पण एवढ्या दोन आकड्यांवरून तसं ठरवता येत नाही. त्याच आकाराच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून तुमच्या मुलाची वाहिनी किती प्रमाण विचलनं (मापांचा पसरटपणा मोजणारं स्टँडर्ड डेव्हिएशन) दूर आहे, ते झेड-स्कोअर सांगतो. तो काढायला तीन गोष्टी लागतात: वाहिनीचा व्यास मिलिमीटरमध्ये, वजन-उंचीवरून काढलेलं शरीराचं क्षेत्रफळ आणि निरोगी मुलांच्या मापांवर बेतलेलं एखादं सूत्र. यांतलं काहीही जरा हललं की स्कोअर हलतो.

समजा, मुलाचं वजन ११ किलो आणि उंची ८२ सेंटिमीटर आहे. वजन गुणिले उंची, भागिले ३६०० आणि त्याचं वर्गमूळ, या मोस्टेलरच्या सूत्राने क्षेत्रफळ ०.५० चौरस मीटर येतं. बॉस्टनहून आलेलं, बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं सूत्र लावलं तर एवढ्या मुलाची एलएडी सरासरी १.७ मिलिमीटर आणि एक प्रमाण विचलन जेमतेम पाव मिलिमीटर येतं. म्हणजे २.३ मिलिमीटर व्यासाला झेड २.३ आणि २.४ मिलिमीटरला २.८. तुमच्या दोन अहवालांमधला सगळा फरक एक दशांश मिलिमीटरचा असू शकतो. माप घेणाऱ्याने कर्सर वाहिनीच्या आतल्या कडेवर ठेवला की किंचित बाहेर, एवढ्यानेही तो पडतो.

आता वजनाचं बघा. व्यास तोच, २.३ मिलिमीटर. पण मशीनमध्ये ११ ऐवजी जुन्या केसपेपरवरचं १० किलो वजन घातलं गेलं, तर क्षेत्रफळ ०.४८ वर येतं आणि झेड २.५ दाखवतो. वाहिनीला काहीही न होता! आणि नेमकी २.५ याच आकड्यावर हद्द आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या वर्गीकरणात २ पासून २.५ च्या आतपर्यंत नुसतं रुंदावणं धरतात आणि २.५ पासून ५ च्या आतपर्यंत लहान अन्यूरिझम (वाहिनीचा फुगा).

म्हणून दोन्ही अहवालांतला व्यास मिलिमीटरमध्ये किती, वजन-उंची काय घातली आणि सूत्र कोणतं वापरलं, एवढं डॉक्टरांना विचारा. पुढचे इको शक्यतो एकाच ठिकाणी करा. दोन्ही इकोची दृश्यं सीडीवर मिळत असतील तर एकाच डॉक्टरांना शेजारी-शेजारी ठेवून पाहू द्या. अ‍ॅस्पिरिनचा डोस मात्र आपल्या मनाने वाढवू, कमी करू किंवा थांबवू नका.

डॉक्टर मंडळींसाठी दोन शब्द. मूल मोठं होतं तसं सरासरी माप वाढतंच, शिवाय मुला-मुलांमधला फरकही वाढतो. त्यामुळे सगळ्या वयांना एकच प्रमाण विचलन लावणारं सूत्र लहान बाळांत फसतं. बॉस्टनच्या सूत्रात विचलन क्षेत्रफळाबरोबर वाढतं, तर जपानी सूत्र वितरणाचा तिरकेपणाही धरणाऱ्या एलएमएस पद्धतीवर उभं आहे. एकाच मुलाचे दोन सूत्रांनी काढलेले झेड एका आलेखावर मांडणं ही चूक आहे, आणि दवाखाना बदलला की ती सर्रास घडते.

प्रश्न : उपजिल्हा रुग्णालयात आम्ही नवजात बाळांची पल्स ऑक्सिमीटरने तपासणी सुरू केली. पॉझिटिव्ह आलेल्या चार बाळांना इकोसाठी जिल्ह्याला पाठवलं, तिघांचं हृदय नॉर्मल निघालं. नातेवाईक चिडले. ही चाचणी इतकी चुकते तर चालू ठेवावी का? (बीड, वैद्यकीय अधिकारी)

चालू ठेवा. चारात तीन हे प्रमाण अपेक्षेप्रमाणेच आहे.

२०१८ च्या कोक्रेन आढाव्यात साडेचार लाखांहून जास्त बाळांची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार वरकरणी निरोगी दिसणाऱ्या १०,००० बाळांमध्ये साधारण ६ जणांना गंभीर जन्मजात हृदयविकार असतो. तपासणी त्यांतली ५ पकडते, १ सुटतं, आणि हृदय ठीक असलेली १४ बाळंही पॉझिटिव्ह येतात. म्हणजे पॉझिटिव्ह एकूण १९, त्यांत खरी ५. चारात एक! चाचणीची स्पेसिफिसिटी (निरोगी बाळांना निरोगी ठरवण्याचं प्रमाण) ९९.९ टक्के आहे तरीही असं होतं, कारण आजारच विरळा आहे. निरोगी बाळांचा आकडा इतका मोठा, की त्याचा हजारावा भागही खऱ्या रुग्णांपेक्षा जास्त भरतो. नातेवाइकांना टक्केवारी सांगू नका, ‘अशा चार बाळांत एकाला हृदयाचा त्रास निघतो, म्हणून बघून घेऊ’ असं सांगा. शिवाय हृदय नॉर्मल निघालेल्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब बऱ्याचदा सापडतो. इको नॉर्मल आला म्हणून त्याच दिवशी घरी सोडू नका.

खोटे पॉझिटिव्ह वाढण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. तपासणी २४ तासांच्या आत केली, पाय गार होता, बाळ रडत होतं, लहरीचा आलेख स्थिर होण्याआधी आकडा लिहिला. प्रोब उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला लावायचा. डावा हात चालत नाही. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) कुठेही ९० पेक्षा कमी म्हणजे लगेच पॉझिटिव्ह. हात आणि पाय दोन्हींत ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर पास. मधल्या बाळांना तासाभराने पुन्हा तपासायचं. २०११ च्या अमेरिकी पद्धतीत दोनदा पुनर्तपासणी होती आणि हात-पाय यांपैकी एकात ९५ असलं तरी चालत असे. सुधारित पद्धतीत पुनर्तपासणी एकदाच आहे आणि दोन्हीकडे ९५ लागतात. कोणती पद्धत पाळता ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

खरी अडचण सुटलेल्या बाळांची आहे. महाधमनी अरुंद असलेलं बाळ या तपासणीत हमखास निसटू शकतं, कारण त्याचं सॅच्युरेशन पहिल्या दिवसांत चांगलं असतं. ते तुमच्या रजिस्टरात ‘पास’ म्हणून बसतं आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रुग्णालयात अत्यवस्थ होऊन पोचतं. रजिस्टरावरून सेन्सिटिव्हिटी (आजारी बाळांपैकी किती पकडली) काढायची तर पास झालेल्या बाळांचं पुढे काय झालं हे कळायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली आणि त्याची पथकं अंगणवाड्यांपर्यंत पोचतात. सहा आठवड्यांच्या लसीकरणाला आलेल्या बाळाची नोंद जन्मनोंदणीशी जोडली, तर बीडसारख्या जिल्ह्यातही हे जमण्यासारखं आहे. पॉझिटिव्ह किती आले याबरोबर एकूण किती बाळं तपासली आणि किती तपासणीआधीच घरी गेली, हेही दर महिन्याला लिहा. छेदात काय धरायचं ते आधी ठरलेलं नसलं, तर अंशातल्या चार बाळांवरून फक्त वाद होतात.

प्रश्न : माझ्या थिसिसमध्ये टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाच्या ४८ शस्त्रक्रिया आहेत, मृत्यू ६. चौदा घटक घालून लॉजिस्टिक रिग्रेशन (मृत्यूशी कशाचा संबंध आहे ते शोधणारं मॉडेल) केलं. एका घटकाचा ऑड्स रेशो (तो घटक असता मृत्यूचा संभव किती पट, याचं माप) २१० आला, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं उत्तर ज्यात असावं तो पट्टा) १ पासून काही हजारांपर्यंत, पी-व्हॅल्यू ०.०४. गाइड म्हणतात पी आला आहे, छापू या. (नागपूर, एमडी बालरोग)

छापू नका. गाइडना हे सांगणं अवघड आहे, पण परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

सहा मृत्यूंवर चौदा घटक बसत नाहीत. एका घटकामागे किमान दहा घटना हा जुना ठोकताळा लावला तर तुमच्याकडे एकाही घटकापुरता माल नाही. ठोकताळा ढोबळ आहे. अलीकडे रायली आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीने हिशेब करतात, आर या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पीएमसॅम्पसाइझ नावाचं पॅकेज आहे. पण त्यानेही तुमचं उत्तर बदलणार नाही. ऑड्स रेशो २१० याचा अर्थ बहुधा इतकाच, की त्या गटात जवळजवळ सगळे मृत्यू पडले आणि दुसऱ्या गटात जवळजवळ एकही नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर अनंताच्या दिशेने पळत सुटतं आणि मध्येच कुठेतरी थांबून आकडा छापतं. अशा टोकाच्या आकड्यांना आवर घालणारी फर्थची दुरुस्ती लावली तर आकडा माणसात येईल, पण नसलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही. शिवाय एकमेकांशी संबंध नसलेले आणि परिणामाशीही काही देणंघेणं नसलेले चौदा घटक तपासले, तरी निदान एकात पी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ५१ टक्के असते.

मग या ४८ मुलांचं काय करायचं? प्रश्न बदला. मृत्यू हा परिणाम ठेवून काही सिद्ध करायला किती मुलं लागतात ते बघा: मृत्युदर १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला हे ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो पकडण्याच्या शक्यतेने) दाखवायचं तर दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे ४३० मुलं हवीत. कुठल्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन वर्षांत एका केंद्रावर ती मिळणार नाहीत. तेच सलग मापाचा परिणाम घेतला आणि अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक शोधायचा असला, तर प्रत्येकी ६३ पुरतात. व्हेंटिलेटरचे तास, चोवीस तासांनंतरचं लॅक्टेट, छातीतल्या नळीतून आलेला स्राव मिलिलिटर प्रति किलो, असं काहीतरी.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात अनेक थिसिस पडलेले दिसतात. आयसीयूतला मुक्काम हा परिणाम घेतला, तर दुसऱ्या दिवशी दगावलेल्या मुलाचा मुक्काम सगळ्यात कमी भरतो. म्हणजे ज्या गटात मृत्यू जास्त, तो गट ‘लवकर बरा झाला’ असं दिसतं. मृतांना वगळलं तर उरलेली मुलं आपोआपच बळकट निवडली जातात, तेही चूक. २८ दिवसांतले व्हेंटिलेटरविना जिवंत दिवस मोजा; जे मूल गेलं त्याला शून्य द्या. वितरण तिरकं येईल, त्यामुळे सरासरी आणि टी-टेस्ट नको, मध्यक आणि चतुर्थके द्या.

सहा मृत्यूंचं प्रामाणिक वर्णन मात्र नक्की करा. प्रत्येक मुलाचं वय, वजन, शस्त्रक्रियेआधीचं सॅच्युरेशन, ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच लागला का, मृत्यू कितव्या दिवशी आणि कशाने. एका तक्त्यात सहा ओळी. वाचणाऱ्याला त्यातून रिग्रेशनपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : आमच्या केंद्रात गेल्या वर्षी ४० बालहृदय शस्त्रक्रिया झाल्या, एकही मृत्यू नाही. शेजारच्या मोठ्या केंद्रात १२० पैकी ४. पत्रकात ‘शून्य टक्के मृत्युदर’ लिहावं का? (पुणे, रुग्णालय व्यवस्थापन)

‘४० शस्त्रक्रिया, मृत्यू नाही’ एवढं खरं आहे, तेवढंच लिहा. तुलना करू नका.

एकही घटना न घडता क्ष शस्त्रक्रिया पार पडल्या, तर खऱ्या दराची वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले क्ष इतकी असते. ४० साठी ती साडेसात टक्के. शेजाऱ्यांचे ४ भागिले १२० म्हणजे ३.३ टक्के, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ०.९ ते ८.३. म्हणजे दोघांच्या निकालांत फरक आहे असं या आकड्यांवरून म्हणताच येत नाही. त्याहून मोठा प्रश्न: कुठल्या शस्त्रक्रिया? तुमच्या चाळीसांत एएसडी आणि साध्या व्हीएसडीच (हृदयाच्या पडद्यातली छिद्रं बुजवणं) असतील आणि शेजारी नवजात बाळांचे आर्टीरियल स्विच (उलट जोडलेल्या महावाहिन्यांची अदलाबदल) करत असतील, तर चार मृत्यूंचं केंद्र सरस असू शकतं. जोखमीनुसार केलेल्या स्टॅट वर्गवारीत शस्त्रक्रियांचे पाच गट आहेत. एएसडी-व्हीएसडी पहिल्यात, नॉरवूड (हृदयाची एकच बाजू चालणाऱ्या नवजात बाळाची पहिली शस्त्रक्रिया) पाचव्यात. आधी गटवार तक्ता करा.

मृत्यू कशाला म्हणायचं तेही ठरवा. रुग्णालयात झालेले सगळे, अधिक घरी गेल्यावर शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांत झालेले, ही नेहमीची व्याख्या. तिसाव्या दिवशी प्रत्येक घरी फोन केला नसेल तर तुमचं शून्य अजून कच्चं आहे.

एक वर्षाच्या बेरजेऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर पुढे सरकणारा आलेख ठेवावा असं आम्ही सुचवू. रीत अशी: प्रत्येक मुलाची शस्त्रक्रियेआधीची अपेक्षित जोखीम लिहा. मूल वाचलं तर तेवढी जोखीम बेरजेत मिळवा, दगावलं तर एकातून जोखीम वजा करून उरेल ते बेरजेतून काढा. दोन टक्के जोखमीची व्हीएसडी यशस्वी झाली की +०.०२, मृत्यू झाला की −०.९८. वीस टक्के जोखमीच्या नॉरवूडला +०.२० किंवा −०.८०. रेघ वर चढत राहिली तर काम अपेक्षेपेक्षा चांगलं, उतरू लागली तर थांबून बघायची वेळ. एक्सेलमध्येही हे होतं.

अशा आलेखांना बालहृदय शस्त्रक्रियेत इतिहास आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमधले शल्यविशारद मार्क द लेव्हाल यांनी १९९४ मध्ये स्वतःच्याच १०४ नवजात आर्टीरियल स्विच शस्त्रक्रियांतले एका टप्प्यावर लागोपाठ झालेले मृत्यू याच जातीच्या पद्धतीने तपासून जाहीरपणे मांडले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रिया विभागात काय चाललं होतं ते मात्र चौकशीनंतर कळलं: २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ मध्ये तिथे एक वर्षाखालील ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. आकडे तिथेही गोळा होत होते. ते सलग बघून वेळेत हाक देणं कुणाचंच काम नव्हतं.

अपेक्षित जोखीम आणायची कुठून, हा भारतातला अवघड भाग. स्टॅटचे गुण उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियांवरून ठरले. आपल्याकडे मोठी व्हीएसडी असलेलं मूल तीन वर्षांचं होऊन, वजन आठ किलो आणि फुप्फुसाचा रक्तदाब चढलेला, असं येतं. गट तोच, जोखीम निराळी. म्हणून बाहेरचा स्कोअर जसाच्या तसा न लावता आपल्या माहितीवर त्याचं कॅलिब्रेशन (अंदाज आणि प्रत्यक्ष मृत्यू जुळतात का) तपासावं लागतं. कमी साधनांच्या देशांसाठी बॉस्टनहून चालणाऱ्या आयक्यूआयसी या गुणवत्ता प्रकल्पात भारतातली केंद्रंही आहेत. सामील झालात तर निदान सारख्या परिस्थितीतल्यांशी तुलना होईल. हे काम अर्धवेळ लेखनिकाचं नाही. त्यासाठी बायोस्टॅटिस्टिक्स शिकलेला माणूस लागतो आणि त्याला ऑपरेशनच्या आढावा बैठकीत खुर्ची लागते.

प्रश्न : शाळांतल्या इको तपासणीत सुप्त संधिवाती हृदयविकार सापडलेल्या मुलांना पेनिसिलिनने नव्वद टक्के फायदा होतो असं वाचलं. खरं का? (नांदेड, शालेय आरोग्य पथक)

आकडा खरा आहे, पण अर्धा. युगांडात झालेल्या ‘गोल’ (GOAL) नावाच्या चाचणीत ५ ते १७ वयाच्या मुलांना दर चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिन दिलं. दोन वर्षांत इकोवर आजार वाढलेला दिसला तो इंजेक्शन घेणाऱ्या ३९९ पैकी ३ मुलांत आणि न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ मुलांत. ०.८ विरुद्ध ८.२ टक्के. सापेक्ष घट नव्वद टक्के, निव्वळ घट साडेसात. म्हणजे एकाची वाढ रोखायला १३ मुलांना दोन वर्षं इंजेक्शनं, तेरा गुणिले सव्वीस, सुमारे ३४० सुया. आणि रोखलं काय, तर इकोवरची वाढ. मृत्यू किंवा झडप बदलणं नव्हे. हे जाणूनही उपचार द्यावासा वाटेल, पण इंजेक्शनांचा साठा आणि परिचारिकांचे दिवस ‘नव्वद टक्क्यां’वरून ठरवता येत नाहीत.

त्याच चाचणीसाठी १,०२,२०० मुलांचे इको झाले, ३३२७ संशयित निघाली आणि पक्कं निदान ९२६ जणांचं झालं. बीडच्या प्रश्नातलं गणित इथेही आहेच. आणि ज्या मुलाला पूर्वी संधिवाताचा ताप येऊन गेला आहे त्याचं प्रतिबंधक इंजेक्शन हा वेगळा, केव्हाच ठरून गेलेला विषय आहे. तिथे या चाचणीवरून हात आखडता घेऊ नका.

प्रश्न : एमएस्सी संख्याशास्त्र करतो आहे. औषध कंपन्यांत न जाता लहान मुलांच्या हृदयरोगावर काम करायचं आहे. काय शिकू, कुठे शिकू? (कोल्हापूर)

सिद्धांताचा पाया तुमच्याकडे आहेच. या क्षेत्रात रोज लागणाऱ्या तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली सर्व्हायव्हल अ‍ॅनॅलिसिस, कॉक्स मॉडेलच्या पुढची. सिंगल व्हेंट्रिकल रिकन्स्ट्रक्शन या अमेरिकी चाचणीत नॉरवूडच्या वेळी दोन प्रकारच्या शंटची (फुप्फुसाला रक्त नेणाऱ्या कृत्रिम नळीची) तुलना होती, ५४९ बाळं. बारा महिन्यांना प्रत्यारोपणाविना जिवंत ७४ टक्के विरुद्ध ६४ टक्के. पुढे मात्र तो फरक टिकला नाही. म्हणजे हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या त्या-त्या वेळच्या जोखमीचं गुणोत्तर) काळानुसार बदलतो, आणि सगळ्या काळाला एकच आकडा देणारं मॉडेल इथे दिशाभूल करतं. शिवाय शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत मूल दगावतं, किंवा शस्त्रक्रिया होते, किंवा ते कुटुंब परत येतच नाही. मृत्यूला ‘सेन्सॉर’ (तिथून पुढची माहिती नाही असं) धरून कॅप्लान-मायर काढलं तर उत्तर चुकतं. तिथे कॉम्पिटिंग रिस्कच्या (एक घटना दुसरीची शक्यताच संपवते हे धरणाऱ्या) पद्धती लागतात. आणि न परतलेली मुलं ठीकच असतील हे गृहीत धरू नका. नंदुरबारच्या पाड्यावरून मुंबईला दर सहा महिन्यांनी येणं ज्यांना परवडत नाही, त्यांचं न येणं यदृच्छ नसतं.

दुसरी, एकाच मुलाची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं. मूल वाढतं, मापं अनियमित अंतरांनी होतात, म्हणून प्रत्येक मुलाची वेगळी रेघ धरणारं मिक्स्ड मॉडेल. मार्फान सिंड्रोम या महाधमनी रुंदावणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीत अ‍ॅटेनोलॉल आणि लोसार्टनची तुलना ६०८ रुग्णांत झाली. पाहिलं काय, तर महाधमनीच्या मुळाच्या झेड-स्कोअरचा तीन वर्षांतला बदलता दर. नुसता शेवटचा आकडा घेतला नाही. दोन औषधांत फरक निघाला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे काळाचे सापळे ओळखणं. ‘शस्त्रक्रिया झालेली मुलं न झालेल्यांपेक्षा जास्त जगली’ हे वाक्य दिसलं की विचारा: शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत जगणं ही अटच होती ना? मग तो काळ कुठल्या गटात मोजला?

हृदयही शिका. व्हीएसडी, टेट्रालॉजी, स्विच, कोआर्क्टेशन (अरुंद महाधमनी), ग्लेन आणि फॉन्टॅन (एकच बाजू चालणाऱ्या हृदयाच्या पुढच्या दोन शस्त्रक्रिया): या शस्त्रक्रियांत रक्ताचा रस्ता आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे कागदावर काढता आलं पाहिजे. ग्लेननंतर ८२ सॅच्युरेशन ही चूक नसून अपेक्षित आकडा आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो ‘आउटलायर’ म्हणून चांगली माहिती पुसून टाकतो.

शिक्षणासाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथे बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफी एकत्र शिकवतात. वेल्लोरचं सीएमसी आणि बंगळुरूचं निम्हान्स इथे बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयरोगाचं रुग्णालय आणि लोकआरोग्याचं केंद्र दोन्ही आहेत. या विषयासाठी ही जोडी मोलाची. तुमची एमएस्सी पूर्ण होत असेल तर दुसरी एमएस्सी करू नका. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पांतल्या प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्टच्या जागांवर लक्ष ठेवा, किंवा थेट पीएचडीकडे जा. पगार औषध कंपनीपेक्षा कमी असेल आणि प्रकल्पाची नोकरी मुदतीची असेल, हे धरूनच या.

मुलाखतीत दाखवायला काहीतरी हातात हवं. अमेरिकेतल्या पेडियाट्रिक हार्ट नेटवर्कने आपल्या जुन्या चाचण्यांची निनावी केलेली माहिती अभ्यासासाठी खुली ठेवली आहे. सिंगल व्हेंट्रिकल किंवा ५४६ मुलांच्या फॉन्टॅन अभ्यासाची फाइल घ्या, छापलेल्या निबंधातला पहिला तक्ता आर मध्ये स्वतः काढून बघा. जुळणार नाही. का जुळत नाही ते शोधण्यात पंधरवडा जाईल, आणि तेवढ्यात या कामाची खरी ओळख होईल. ‘अ‍ॅनल्स ऑफ पेडियाट्रिक कार्डिओलॉजी’ हे भारतीय नियतकालिक मोफत वाचता येतं. त्यातल्या भारतीय केंद्रांच्या निबंधांवरून आपल्याकडची माहिती कशी असते त्याचा अंदाज येतो.

प्रश्न : एमबीबीएसनंतर बालहृदयरोगतज्ज्ञ व्हायचं आहे. मध्ये बायोस्टॅटिस्टिक्सची वेगळी पदवी घेऊ का? (लातूर, इंटर्न)

नको. बालरोगाची एमडी, मग डीएम किंवा फेलोशिप, हाच रस्ता लांब आहे. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन प्राथमिक अभ्यासक्रम एमडीत करावाच लागतो. तो उरकून टाकू नका, थिसिसचा सिनॉप्सिस लिहिण्याआधी करा, तरच सॅम्पल साइजचा भाग उपयोगी पडतो. पदवी घ्यायचीच तर डीएमनंतर, एखादा प्रश्न डोक्यात पक्का बसल्यावर. तोवर संख्याशास्त्रज्ञाशी बोलता येण्याइतकं शिका, आणि त्याच्याकडे माहिती गोळा करण्याआधी जा. मुलांवरच्या संशोधनात ७ ते १२ वयात तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी असेंट (मुलाचा स्वतःचा होकार) लागतं, पालकांची संमती असतेच. आणि उपचाराची चाचणी असेल तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी. हे राहिलं तर विश्लेषण कितीही चांगलं असलं तरी निबंध परत येतो.

प्रश्न : बालहृदय विभागात स्टाफ नर्स आहे. नोंदवहीचं एक्सेल करायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवात कशी करू? (पणजी)

एक फाइल नको, दोन तक्ते करा. पहिल्यात एका मुलाची एकच ओळ: क्रमांक, जन्मतारीख, लिंग, निदान. दुसऱ्यात एका शस्त्रक्रियेची एक ओळ. ग्लेन झालेलं मूल चार वर्षांनी फॉन्टॅनला येतं. एकाच तक्त्यात लिहिलंत तर एक मूल दोनदा मोजलं जाईल किंवा पहिली शस्त्रक्रिया पुसली जाईल. दोन्ही तक्ते मुलाच्या क्रमांकाने जोडा. नाव, पत्ता, फोन तिसऱ्या, कुलूपबंद फाइलीत.

वय लिहू नका, तारखा लिहा. वय मशीन काढेल. ‘८ म’, ‘८ महिने’, ‘०.८’ अशा नोंदींतून नंतर काहीच निघत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, नाहीतर पाच मार्च आणि तीन मे यांची अदलाबदल होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एका रकान्यात एकच आकडा: सॅच्युरेशन ‘७०-७५’ चालणार नाही. एककं रकान्याच्या नावात घाला. ‘माहिती नाही’ साठी ९९ लिहायची जुनी सवय इथे घातक आहे, कारण सॅच्युरेशनच्या रकान्यात ९९ हा खराखुरा आकडा असतो आणि निळं बाळ कागदावर गुलाबी होतं. रकाना रिकामा सोडा आणि शेजारी कारणाचा रकाना ठेवा: मोजलं नाही, कागद हरवला, मशीन बंद.

शंभर ओळी होण्याआधी दहा ओळी भरून विभागातल्या डॉक्टरांना आणि संख्याशास्त्रज्ञाला दाखवा, म्हणजे रकाने बदलायचे असतील तर तेव्हाच बदलता येतील. तुमची संस्था रेडकॅप या माहिती नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरची सदस्य असेल तर एक्सेल सोडूनच द्या. ना-नफा संस्थांना ते मोफत मिळतं, त्यात चुकीचा आकडा टाकताना अडवता येतं आणि कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. ते नसेल तर एक्सेलमधलंच डेटा व्हॅलिडेशन वापरा: वजन १ ते ८० किलो, सॅच्युरेशन ३० ते १००, डिस्चार्जची तारीख शस्त्रक्रियेच्या आधीची असेल तर लाल. दर शुक्रवारी त्या आठवड्यातल्या पाच नोंदी मूळ केसपेपरशी दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या.